घरच्या डेस्कटॉपचा सीपीयू फॅन बदलायचाय (आय५-३४७०, अकोल्याचा उन्हाळा) – कोणता घ्यावा?

वऱ्हाडी_वाचक

राजेहो, नमस्कार. घरी २०१३ साली जोडून घेतलेला डेस्कटॉप आहे. प्रोसेसर इंटेल कोअर आय५-३४७०, मदरबोर्ड एच६१ चिपसेटचा, रॅम ८ जीबी. मध्ये एसएसडी टाकली तेव्हापासून कामाला चांगला पळतो. बाबा सोसायटीचे हिशेब लिहितात, मुलगी अभ्यास करते, मी थोडंफार फोटोंचं काम करतो. लिनक्स मिंट आहे, त्यामुळे "विंडोज ११ चालत नाही" हे रडगाणं आमच्याकडे नाही.

महिनाभरापासून चालू करताना घरघर येते, पाच-सात मिनिटांनी कमी होते. दुपारी फोटो एक्स्पोर्टला लावले की मशीन आधी रांगायला लागतं आणि मग थेट बंद पडतं. लगेच बटण दाबलं तर पुन्हा बंद. अर्ध्या तासाने मुकाट चालू. फॅन प्रोसेसरच्या डब्यातून आलेला, कंपनीचाच. इथल्या एका दुकानदाराने कॅबिनेट न उघडताच "प्रोसेसर गेला, नवा सेट घ्या" म्हणून कोटेशन हातात ठेवलं.

नुसता वरचा पंखा मिळतो की खालच्या ॲल्युमिनियमसकट सगळं घ्यावं लागतं? ऑनलाइन चारशेपासून चार हजारांपर्यंत आहेत, त्यात नेमका फरक काय? आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, तिथे टिकेल असं काय आहे? भाचा म्हणतो पाण्यावरचा घ्या.

सोल्डरगन

प्रोसेसर गेलेला नाही. प्रोसेसर सहसा जात नाही, आणि गेला तर अर्ध्या तासाने परत येत नाही. तुम्ही लिहिलंय ते लक्षण सरळसरळ तापण्याचं आहे. चिप शंभर अंशांच्या पुढेमागे गेली की स्वतःचा वेग कमी करते (तुमचं "रांगणं"), तरीही पारा चढत राहिला तर वीज तोडते.

पण फॅनची ऑर्डर इतक्यात देऊ नका. चिप तापायला तीन कारणं असतात आणि पंखा त्यातलं एकच. पंखा हळू फिरत असेल, पंखा आणि खालच्या हीटसिंकच्या (ॲल्युमिनियमचा ठोकळा) पात्यांच्या मध्ये धूळ अडकली असेल, किंवा हीटसिंक चिपवर नीट टेकत नसेल. तिसरं कारण लोक तपासतच नाहीत आणि इंटेलच्या डब्यातल्या फॅनला नेमकं तेच जास्त होतं.

बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच उघडायचं सेटिंगचं पान) हार्डवेअर मॉनिटर उघडा. तिथे सीपीयू फॅनचे फेरे दिसतात. मिंटवर एलएम-सेन्सर्स टाकून टर्मिनलमध्ये "सेन्सर्स" कमांड दिली की प्रत्येक कोअरचं तापमान येतं. काही काम नसताना किती आणि एक्स्पोर्ट लावल्यावर मिनिटभरात किती, हे दोन आकडे इथे टाका. मिनिटाच्या आत ४५ वरून ९५ ला उडी मारत असेल तर हीटसिंक टेकत नाहीये. दहा-पंधरा मिनिटं घेत हळूहळू चढत असेल तर धूळ किंवा पंखा.

मग मशीन बंद करून वायर काढून कॅबिनेट उघडा. हीटसिंकच्या चार कोपऱ्यांना चार काळ्या खुंट्या दिसतील. एकेक हलवून बघा. नीट बसलेली खुंटी हलत नाही. जी डगमगते तिथे मदरबोर्डच्या मागच्या बाजूने टॉर्च मारा. पांढऱ्या प्लास्टिकचे दोन पाय भोकातून बाहेर आलेले असतात आणि काळी खुंटी त्यांच्या मधोमध घुसून त्यांना फाकवून धरते. तो पांढरा पाय एकाच कोपऱ्यात तुटला तरी हीटसिंक तिरका होतो आणि मग पंखा सोन्याचा लावला तरी उपयोग शून्य.

स्पष्टवक्ता_पेठेतला

२०१२ च्या चिपवर किती जीव टाकायचा याला काही मर्यादा? त्याच पैशांत सेकंडहँड आठव्या पिढीचं मशीन मिळेल. हे म्हणजे मोडीत काढायच्या गाडीला नवे टायर.

वऱ्हाडी_वाचक

भाऊ, त्याच पैशांत म्हणजे किती? पाचशे-हजारात आठव्या पिढीचं मशीन देणारा माणूस सांगा, मी आज निघतो.

मुलुंडची_मावशी

पेठकर, हलके घ्या पण तुमचं गणित चुकलंय. हिशेब, अभ्यास, ब्राउझर यांना चार कोअरची आय५ आजही पुरते. एसएसडी आहे, रॅम ठीक आहे. पाचशे-हजारात आणखी तीन-चार वर्षं मिळत असतील तर कोणीही घेईल. सोल्डरगन यांच्या प्रतिसादाला +१.

आता खरेदीबद्दल, कारण शाळेच्या लॅबसाठी हे सामान मी वर्षानुवर्षं लॅमिंग्टन रोडवरून (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, उतरायचं ग्रँट रोडला) आणत आले आहे. नुसता वरचा पंखा शोधत बसू नका. इंटेलच्या डब्यातल्या पंख्याला बाजारातल्या ८० किंवा ९२ मिमीच्या पंख्यासारखी चौकट नसते, तो प्लास्टिकच्या कड्यात बसवलेला असतो आणि कडं हीटसिंकला अडकवलेलं असतं. जुन्या हीटसिंकवर झिप टायने ९२ मिमीचा पंखा बांधणारे लोक आहेत, चालतंही. पण खुंट्या त्या कड्यालाच असतात, त्यामुळे कडं ठेवावंच लागतं. पैसे फार वाचत नाहीत आणि दिसतं ते भयंकर.

"ओरिजिनल इंटेल" म्हणून सुटे फॅन मिळतात त्यात निम्मे जुन्या मशीनमधून काढून धुतलेले असतात. ओळखायचे कसे? खाली चिपला लागणारा भाग बघा. नव्यावर राखाडी पेस्टचे (चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारी) तीन पट्टे सरळ रेषेत छापलेले असतात, कडा स्वच्छ. धुतलेल्यावर पेस्ट हाताने फासलेली असते किंवा नसतेच. पातं बोटाने हलकं फिरवा, कानाजवळ धरा. खरखर ऐकू आली की खाली ठेवा. आणि तळाच्या मधोमध तांब्याची चकती आहे का ते बघायला विसरू नका. ॲल्युमिनियमचा ठोकळा ६५ वॅटच्या चिपला चालून जातो. तुमची ३४७० ही ७७ वॅटची आहे आणि वर अकोला. तांब्याचाच घ्या.

नागपुरी_संत्रं

बाप्पा, आमच्याकडंही हेच होऊन राह्यलं होतं. एक सांगतो, पाण्याचा कूलर त्याच खोलीत असेल तर कॅबिनेट त्याच्या झोताच्या समोर ठेवू नका. गारवा मिळतो खरा, पण ओलसर हवेने धूळ पात्यांमध्ये चिकटून बसते आणि नुसत्या ब्लोअरने निघत नाही. ब्रश घेऊन बसावं लागते. बाजूला ठेवा, खोली गार झाली की मशीन आपोआप गार.

अंशतः

४५ अंशांचा मुद्दा थोडा सोडवून सांगतो, कारण "कोणता टिकेल" याचं उत्तर त्यातच आहे.

हवेवर चालणारा कोणताही कूलर, चारशेचा असो की चार हजारांचा, चिपला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. तो फक्त खोली आणि चिप यांच्यातला फरक कमी करतो. हा फरक मोजायचं माप म्हणजे दर वॅटमागे किती अंश. समजा एका साध्या हीटसिंकचं माप ०.५ आहे आणि एका मोठ्या टॉवरचं (उभा, उंच कूलर) ०.२. चिप पूर्ण ७७ वॅट खात असेल तर साध्याने सुमारे ३८ अंशांची भर पडेल, टॉवरने १५ ची. पुण्यात खोली २८ ला असेल तर ६६ विरुद्ध ४३, दोन्ही मजेत. अकोल्यात खोली ४२ आणि कॅबिनेटच्या आत आणखी पाच-सात अंश धरले तर ८६ विरुद्ध ६३. म्हणजे पुण्यातल्या माणसाने "डब्यातला फॅन पुरतो, कशाला खर्च" म्हटलं तर त्याचं त्याच्यापुरतं बरोबर असतं.

यात एक मेख आहे. वरचे आकडे चिपच्या धातूच्या झाकणाचे आहेत, आतल्या सिलिकॉनचे नाहीत. तुमची तिसरी पिढी म्हणजे आयव्ही ब्रिज. त्याआधीच्या सँडी ब्रिजमध्ये सिलिकॉन आणि झाकण यांच्यामध्ये सोल्डर होतं, आयव्ही ब्रिजपासून इंटेलने तिथे साधी पेस्ट वापरली. त्यामुळे झाकणाखाली जी उष्णता अडते ती बाहेरून कितीही मोठा कूलर लावून कमी होत नाही. म्हणून या चिपवर चार हजारांचा कूलर लावला तर फायदा दिसतो, पण किमतीच्या मानाने नाही.

गंमत म्हणून सांगतो, इंटेलच्या जुन्या कॅबिनेटविषयक मार्गदर्शनात बाहेरची खोली ३५ अंश धरलेली असायची आणि प्रोसेसरच्या पंख्यापाशी पोचणारी हवा ३८ अंशांच्या आत ठेवायचं उद्दिष्ट होतं. त्यासाठीच त्या काळच्या कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याला आतून प्लास्टिकचं नळकांडं असायचं. अकोल्याच्या मे महिन्यात खोलीच तो आकडा ओलांडते!

खाडीकाठ

वाचतोय. कोकणात उलटा त्रास. पारा चढत नाही पण खारी हवा ॲल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरी भुकटी आणते आणि स्टीलचे स्क्रू गंजतात. निकेलचा मुलामा असलेले हीटसिंक इथे जास्त टिकतात.

अवांतर: मागच्या पावसाळ्यात एका ओळखीच्यांचं मशीन उघडलं तर पॉवर सप्लायच्या पंख्यात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं. तीन खोल्या, ओनरशिप.

रायझनवाला

धागा चांगला चाललाय, मध्येच घुसतो. माझ्याकडे एएमडीचा रायझन ५ ३६०० प्रोसेसर आहे, सोबत आलेला रेथ स्टेल्थ फॅन. गरम होत नाही, पण आवाज सतत वर-खाली. वरच्या चर्चेतलं मला काय लागू?

सोल्डरगन

वर-खाली होतंय ते बायोसमधल्या फॅन कर्व्हमुळे (किती तापमानाला पंखा किती वेगाने, ती रेष). रायझनचं तापमान क्षणभर आठ-दहा अंशांनी उसळतं आणि पंखा लगेच मागे धावतो. कर्व्हमध्ये ६० अंशांपर्यंत रेष सपाट ठेवा. "स्टेप अप टाइम" किंवा "स्मूदिंग" असा पर्याय असेल तर तीन-चार सेकंद द्या. फुकटात काम होईल.

तरी बदलायचाच असेल तर दोन गोष्टी. रेथ स्टेल्थ चार स्क्रूंनी थेट मागच्या पट्टीत बसतो, त्यासाठी मदरबोर्डवरचे दोन काळे प्लास्टिकचे ब्रॅकेट काढून ठेवलेले असतात. नवा कूलर क्लिपचा असेल तर ते ब्रॅकेट परत लागतात. मदरबोर्डच्या खोक्यात बघा, बहुतेकांनी ते खोक्यासकट रद्दीत दिलेले असतात. आणि स्क्रू काढले की मागची पट्टी सुटून पडते, तेव्हा एक हात मागे हवा.

दुसरं, तुमच्या एएम४ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे बोर्डवर चिप बसते ती जागा) चिपला खाली पिना असतात आणि ती सॉकेटमध्ये फारशी घट्ट धरलेली नसते. थंड मशीनवर हीटसिंक सरळ वर ओढला तर वाळलेल्या पेस्टला चिकटून चिप उपटून येते, पिना वाकतात. आधी दहा मिनिटं काहीतरी जड काम चालवून मशीन गरम करा, बंद करा, मग हीटसिंक डावी-उजवीकडे हलके पिळत सोडवा. वऱ्हाडी_वाचक यांना ही भीती नाही, इंटेलच्या त्या सॉकेटला चिपवर लोखंडी पकड असते.

शाळामास्तर

आमच्या शाळेत देणगीतून आलेले डेलचे जुने ऑप्टिप्लेक्स आहेत. त्यातल्या एकाला बाजारातला फॅन घेतला तर बसेचना. फॅनच्या वायरीला चार पिना आणि बोर्डवर पाच! तुमच्याकडे जोडलेलं मशीन आहे म्हणून प्रश्न नाही, पण ब्रँडेड डेस्कटॉपवाल्यांनी आधी पिना मोजाव्यात.

मुलुंडची_मावशी

बरोबर, मास्तर. डेलच्या बऱ्याच मॉडेलना पाच पिनांचा कनेक्टर असतो. चार पिनांचा पंखा कसाबसा जोडला तरी चालू करताना "प्रीव्हियस फॅन फेल्युअर"चा संदेश येऊन मशीन एफ१ दाबायला लावतं. रूपांतराची छोटी केबल ऑनलाइन मिळते. नाहीतर त्याच मॉडेलचा फॅन पार्ट नंबर बघून मागवा. पार्ट नंबर पंख्याच्या स्टिकरवरच असतो.

वऱ्हाडी_वाचक

सगळ्यांना दंडवत. रविवारी उघडलं.

काही काम नसताना ५८, एक्स्पोर्ट लावल्यावर मिनिटाच्या आत ९९ आणि तिथेच अडकून. फॅनचे फेरे बायोसमध्ये कधी ९००, कधी १४००, मध्येच शून्य. वरून बघितलं तर स्वच्छ वाटत होतं. पंख्याचं कडं उचललं तर खाली पात्यांवर रजईतल्या कापसासारखा सलग थर, चिमटीत धरून अख्खा निघाला. आणि खालची उजवी खुंटी डगमगतच होती. टॉर्चने पाहिलं, पांढरा पाय एका बाजूने तुटलेला. म्हणजे तिन्ही कारणं एकाच वेळी आमच्याकडे वस्तीला.

तर आता हीटसिंकसकट नवा घ्यायचा हे ठरलं. टॉवर घ्यावा की चपटा? भाच्याच्या पाण्यावरच्या कूलरचं काय?

अंशतः

पाण्याचा विसरा. एच६१ वर ७७ वॅटसाठी पंप, नळ्या, रेडिएटर म्हणजे बिघडायच्या जागा वाढवणं. पाणीसुद्धा शेवटी उष्णता त्याच ४२ अंशांच्या हवेत सोडणार. माझं मत टॉवर. डीपकूलचा एजी४०० किंवा त्या वर्गातला कोणताही १२० मिमी पंख्याचा. चार उष्णतानळ्या, १५० मिमी उंची, ११५५ पासून १७०० पर्यंतच्या सॉकेटचे ब्रॅकेट सोबत येतात. उद्या मशीन बदललंत तरी कूलर बरोबर नेता येईल. दोन हजारांच्या आसपास पडेल.

सोल्डरगन

इथे माझा मतभेद. मी या बोर्डवर टॉवर लावणार नाही.

एच६१ चे स्वस्त बोर्ड बघा. सॉकेटशेजारी प्रोसेसरला वीज पुरवणारे जे छोटे चौकोनी मॉसफेट आणि कॉइल असतात त्यांच्यावर हीटसिंक नसतो. डब्यातला चपटा फॅन वरून खाली हवा फेकतो, ती पात्यांतून जाऊन चहूबाजूंनी बोर्डवर पसरते आणि त्या भागालाही वारा मिळतो. टॉवरचा पंखा बोर्डला समांतर फुंकतो. चिप गार होते, पण बाजूचे मॉसफेट आणि कपॅसिटर कोरडे राहतात. कॅबिनेटला मागे चांगला पंखा असेल तर निभावतं. तुमच्या २०१३ च्या कॅबिनेटला मागे पंखा आहे का? नसेल तर टॉवर ही गरम हवा तिथल्या तिथे फिरवत बसेल.

चपटाच घ्या, पण नीट बघून. सॉकेट ११५५ लिहिलेलं हवं. ११५६, ११५५, ११५०, ११५१ आणि १२०० या सगळ्यांच्या भोकांमधलं अंतर ७५ मिमी आहे, त्यामुळे यातल्या कोणत्याही एकासाठीचा बाकीच्या चौघांना बसतो. जुन्या ७७५ चं ७२ आणि नव्या १७०० चं ७८ मिमी. तीन मिमी म्हणजे काय मोठं असं वाटतं, पण खुंटी भोकात जातच नाही. "इंटेल युनिव्हर्सल" एवढंच लिहिणाऱ्या विक्रेत्याला आधी सॉकेट विचारा.

खुंट्यांचा घेऊ नका, स्क्रू आणि बॅकप्लेटचा घ्या. बोर्ड काढून मागे पट्टी बसवायला तासभर जाईल, पण चारही कोपऱ्यांवर दाब सारखा येतो आणि परत कधी हात लावावा लागत नाही.

वायरीला चार पिना हव्यात. तीन पिनांचा पंखाही चार पिनांच्या जागेवर बसतो, पण चौथी पिन पंख्याला किती वेगाने फिरायचं ते सांगण्याची असते. ती नसेल तर बोर्डला व्होल्टेज कमी-जास्त करून वेग बदलावा लागतो आणि बरेच स्वस्त बोर्ड सीपीयूच्या हेडरवर (पंख्याची वायर लागते ती जागा) ते करत नाहीत. पंखा दिवसभर पूर्ण वेगाने ओरडत राहतो. रंगीत दिव्यांचे काही स्वस्त फॅन तर पॉवर सप्लायच्या मोठ्या चार पिनांच्या वायरीवर चालतात. त्यांचे फेरे बोर्डला दिसतच नाहीत, मग रोज सकाळी "सीपीयू फॅन एरर".

बेअरिंगचं लक्ष असू द्या. साध्या स्लीव्ह बेअरिंगमधलं तेल उष्णतेने आटतं, तुमची सकाळची घरघर तीच. बॉल बेअरिंग किंवा फ्लुइड डायनॅमिक लिहिलेला असेल तर दोनशे जास्त द्या. बॉल बेअरिंगला किंचित आवाज असतो, पण उष्णतेत तेच जास्त जगतं.

स्पष्टवक्ता_पेठेतला

स्टिकर उचलून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडला तर जुनाच पंखा चालेल की. फुकट.

सोल्डरगन

नवा येईपर्यंत चालेल. पण त्यांचा खुंटीचा पाय तुटलाय, त्याला कोणतं तेल लावणार?

मुलुंडची_मावशी

टॉवर-चपटा वादात मी सोल्डरगनच्या बाजूने, पण माझं कारण साधं आहे. मोजून बघा. चिपच्या झाकणापासून बाजूच्या पत्र्यापर्यंत किती जागा आहे? विणायची सुई उभी धरून पत्रा लावा आणि खूण करा, पट्टीपेक्षा सोपं जातं. जुन्या अरुंद कॅबिनेटमध्ये दीडशे मिमी बसत नाही, आणि ते अंशतः म्हणाले ते नळकांडं असेल तर ते आधी काढावं लागेल. स्लिम कॅबिनेटवाल्यांनी तर शंभर मिमीच्या आतच बघावं. नोक्टुआचा एनएच-एल९आय फक्त ३७ मिमी उंच आहे, फक्त किंमत बघून आपल्यालाच घाम येतो आणि तो वाळवायला पंखा लागतो.

वऱ्हाडी_वाचक

मोजलं. नळकांड्यासकट ११०, काढलं तर १४५. मागे पंखा नाही, जागा मात्र आहे. म्हणजे वाद मिटला, चपटा.

मामेभाऊ मुंबईला असतो, त्याच्याकडून तांब्याच्या गाभ्याचा, चार पिनांचा, बॅकप्लेटवाला मागवला. शिवाय मागच्या बाजूला लावायला १२० मिमीचा एक साधा पंखा. दोन्ही मिळून हजाराच्या थोडं वर. पेस्ट वेगळी घेऊ का? किती लावायची यावर यूट्यूबवर तर महाभारत आहे.

अंशतः

छोटी ट्यूब घ्या, आर्क्टिक एमएक्स-४ किंवा तत्सम. कूलरवर आधीच छापलेली असेल तर तीही चालते, पण एकदा टेकवून उचलली की बाद. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चष्म्याच्या फडक्याने पुसा. अल्कोहोल मेडिकलमध्ये मागा. मधोमध मटारच्या दाण्यापेक्षा थोडी कमी ठेवा, बोटाने पसरू नका, हीटसिंक स्वतः पसरवतो. स्क्रू तिरपे घट्ट करा. एक, मग समोरचा कोपरा, थोडे थोडे. एकच आधी पूर्ण आवळला तर पेस्ट एका बाजूला पळते.

खाडीकाठ

एक राहिलं. ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने तो नेहमीच्या कितीतरी पट वेगाने फिरतो आणि बेअरिंग जातं. लोकांना तो सुईंऽऽ आवाज फार आवडतो.

वऱ्हाडी_वाचक

बसवला. बोर्ड बाहेर काढताना हात थरथरत होते, पण मुलीने वायरींचे फोटो आधीच काढून ठेवले होते म्हणून परत जोडणं सोपं गेलं. खोली ४१ अंश असताना काही काम नसेल तर ४९, एक्स्पोर्टवर वीस मिनिटांनी ७८ ला स्थिर. घरघर बंद. अंशतः यांच्या हिशेबापेक्षा थोडं चांगलंच आलं, मागच्या पंख्याचा हातभार असावा.

फक्त एक गोष्ट. सकाळी चालू केलं की कधीकधी काळ्या पडद्यावर "सीपीयू फॅन एरर, प्रेस एफ१" येतं, पंखा तर फिरत असतो. पंखा खराब निघाला का?

नागपुरी_संत्रं

भाऊ, कोणत्या हेडरवर लावला? बोर्डवर "सिस_फॅन" लिहिलेलं पण तसंच दिसते.

वऱ्हाडी_वाचक

सीपीयू_फॅन वरच आहे, आत्ता बघितलं. मागचा पंखा सिस_फॅनवर.

सोल्डरगन

मग पंखा उत्तम आहे. चालू होताना सकाळच्या गारव्यात तो फारच हळू फिरतो आणि बोर्डने ठरवलेल्या किमान फेऱ्यांच्या खाली जातो, म्हणून बोर्ड त्याला मेलेला समजतो. बायोसमध्ये मॉनिटरच्या पानावर "सीपीयू फॅन स्पीड लो लिमिट" असेल, ६०० वरून ३०० किंवा २०० करा. "इग्नोर" मात्र करू नका, कारण उद्या पंखा खरोखर थांबला तर तोच संदेश तुम्हाला सांगणार आहे. आणि तो पर्याय तुमच्या बोर्डवर सापडला नाही तर फॅन कर्व्हमधली सुरुवातच ३० टक्क्यांवरून ४० वर न्या.